धुतलेली सही

हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया, फेब्रुवारी १९९१, गुरुवार. मगरिबच्या नमाजानंतर.

रज्जाकवर ओरडलो खरा, पण चूक माझीच. माझं फ्रेमचं दुकान; फ्रेममध्ये जाणारं कापड आधी इस्त्री करून घ्यायचं, ही सवय माझी. म्हणून त्या अमेरिकन सैनिकाचा बेसबॉलचा शर्ट शेजारी, रज्जाकच्या, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या लाँड्रीत दिला. छातीवरची निळी सही जपायला सांगायचं राहूनच गेलं. रज्जाकला वाटलं, खिशात पेन फुटलंय. लिंबू-मीठ चोळून सगळी शाई काढली आणि वर मलाच म्हणतो, “भाई, बघा कसा साफ झालाय!”

सही एका नावाजलेल्या पिचरची, म्हणजे त्यांच्या बॉलरची. शेवटी मैदानात येऊन हातचा सामना वाचवणारा, सैनिकाच्या बापाचा लाडका. आता ती निळी सही आणू कुठून? स्वतःच काढू? पेन उचललं, ठेवलं.

दुपारी सैनिक आला. “फ्रेम झाली?”

“लाकूड आलं नाही,” मी खोटंच सांगितलं.

त्याने बापाचा पत्ता लिहून दिला. “उद्या आम्ही सीमेकडे निघतोय. मी परत आलो नाही, तर यांना पाठव.”

तो गेला आणि माझ्या मनात काय यावं? हा आलाच नाही, तर सहीचा जाब विचारणार कोण?

तौबा. हे माझ्या मनात आलं? त्याच्या पोरसवदा तोंडाकडे बघूनही?

या अल्लाह, त्याला सुखरूप आण. दुकानात येऊन माझी गचांडी धरू दे.