शुक्रवारचं मस्कतचं विमान

आंबेनळी, ता. पोलादपूर
सोमवार, १२ मे १९९७

प्रिय कुशाबास मालोजीचा रामराम.

घरची सगळी बरी असतील. इकडे करवंदं पिकलीत, म्हशीला पारडू झालंय. पोस्टाला उशीर होईल म्हणून पुतण्या मंगेशच्या हाती पत्र देतोय. शुक्रवारच्या मस्कतच्या विमानावर तुझी ड्यूटी नसली तर बदलून घे. माझा सूरज येतोय.

आठवतं का रे, आपल्या सरकारी कंपनीचं पहिलं जम्बो आलं तो दिवस? खिडकीखिडकीवर महिरप रंगवलेली. मला वाटलं, राजवाडाच उडतोय. मी शाळेतली पाखराची कविता म्हणायला लागलो नि मुकादम ओरडला, "ओ मास्तर, आधी बॅगा!" तीच कविता सूरजला मांडीवर घेऊन म्हणायचो. तो म्हणायचा, "आबा, तुमी नुस्तं सामान चढवलंत. मी आत बसनार." बसून गेलाही.

येतोय मात्र सामानाच्या कप्प्यातून. परांचीवरून पडला. काल पोलादपुरात फोन आला.

आखातातून आलेल्या पेट्या आपण किती उतरवल्या, कुशाबा! एकदा असाच मे महिना, विमानाला उशीर, आंबा चढवायचा खोळंबलेला. तू म्हणालास, "आधी पेटी दाराशी पोचवू, बाप उभा हाय भायेर." आणि मी? "मेल्याला कसली घाई रे? आंबा नासंल." दोन तास पेटी उन्हात. तू स्वतःचा टॉवेल भिजवून वर टाकलास. मी हसलो होतो. कालपासून तो बाप डोळ्यांपुढून हलत नाही.

माझ्या पोराला आधी उतरव. वर काही ठेवू देऊ नकोस. प्रत्येक पेटीवर हात ठेवून तू "उतर बाबा, गाव आलं" म्हणायचास, तेवढं म्हण.

आणखी एक. भागूला, त्याच्या आईला, मी सांगितलेलंच नाही. घरी आलो नि "सूरज शुक्रवारी येतोय" एवढंच तोंडातून निघालं. ती फणसाची साटं बांधून, नवं लुगडं काढून बसलीय. "मी बी येनार. माणसं भायेर येतात त्या दाराशी पुढं उभी रानार," म्हणते. तिला मालाच्या दाराशी कसं नेऊ? जन्मभर कविता पाठ केल्या, आज एक शब्द सापडत नाही. तू बाहेर ये. तूच सांग तिला. मी मागे उभा राहीन.

वयाने मोठा असून तुझ्या पाया पडतो.

मालोजी