पोरीच्या बापाचा खोकला

मंगळवार, दिवेलागण. पांढरकवडा.

तांड्यावरून याडीचा, माह्या मायचा, फोन आला. "पोरा, पोरीवाले आले. कुरिअरात हाये म्हण. थुंकीचं नाव काढू नको!"

काहून? आमचे बापजादे बैलावर मीठ वाहत, मी निळ्या डब्यात टीबीच्या तपासणीची थुंकी प्रयोगशाळेत वाहतो. डबा पोचला तवाच रोग कळते. चोरी हाये का?

पोरीच्या बापानं फोन घेतला. "काय नेतं कुरिअरात?" मी खरं तेच सांगितलं. "छी! असल्याले पोरगी द्याची?" म्हणता म्हणता त्याले खोकला लागला, थांबेच ना.

"मामा, कधीपासून हाये खोकला?" फोन कट.

सोयरीक मोडली तर मोडू दे. पण तो खोकला कानातून जाऊन नाही राह्यला. रविवारी निळा डबा घेऊन त्याच्याच दारात बसतो. पोरगी नका देऊ मामा, थुंकी तर द्याच लागन.