चिखल्याचा चढाव अन् जपान

३ नोव्हेंबर १९८१, चिखला
खाणीच्या चढावावर आमची जीप आज पुन्हा थांबली. सवाऱ्यांनी उतरून ढकलली अन् बाबुलालच्या मॅटाडोरमधी जाऊन बसल्या. जीप गेली त पोट गेलं. माझा नवरा, आमचा बुढा, नुसता बिडी ओढून राहिला. मलेच काही करा लागेल.

५ नोव्हेंबर
ठरलं. जपानले जाईन. खाणीच्या इंजिनियर साहेबाच्या रद्दीत जपानी गाड्यांच्या फोटोचं पुस्तक भेटलं. तिथं दुकानंच आहेत. जुन्या गाडीले नवं इंजिन, रुंद चाकं, लाल रंग देऊन वाघ करतात. दोन-चार दुकानं पाहीन, शिकून येईन. बुढा म्हणाला, तुले त्यांची बोली समजन काय? म्हटलं, इंजिनचा आवाज समजते ना! चिखल्याचं मँगनीज जपानले जाते, त मी काहून नाही जाऊ?

८ नोव्हेंबर
शेजारच्या देवकाबाईलेच सांगितलं. संध्याकाळी अख्ख्या कॉलनीले माहीत.

९ नोव्हेंबर
दूर जाणाऱ्या बाईले जेवू घालून ओटी भरायची आमची रीत. पहिलं जेवण देवकाबाईकडे. नाही कसं म्हणू? आता जाणं आलंच.

१४ नोव्हेंबर
सात घरी जेवली. सात नारळ. पासपोर्ट राहिला. फारमात जन्मतारीख पाहिजे. माय म्हणायची, तू धानाच्या रोवणीत झाली. तहसीलसमोरचा फारमवाला तेवढं लिहीना. आडमुठा! उद्या पाहीन.

१८ नोव्हेंबर
अकरा नारळ. कधी निघतेस, कधी निघतेस! तोंडातून निघालं, शुक्रवारी.

२० नोव्हेंबर
सारी कॉलनी पोचवाले आली. चढावावर जीप थांबली. सगळ्यांनी ढकलली. शेवटी बाबुलालनं दोर बांधून मॅटाडोरनं ओढली. वरून म्हणते, गिरजाकाकू, जपानवाल्यांना रामराम सांगजा! मी मागं पाहिलंच नाही.

२६ नोव्हेंबर, लाखांदूर
तुमसर स्टेशनवर मुंबईची गाडी समोरून गेली. माझी पाठ दुखत होती. बरी होतपर्यंत बहिणीकडे, कुंताकडे आहे. पुढच्या महिन्यात पक्कं. कुंता रोज नारळाची चटणी वाटते अन् विचारते, जपान आटपलं काय?

३० नोव्हेंबर
कुंतानं बुढ्याले चिठ्ठी टाकली असन. दारात मॅटाडोर, चालवणारा आमचाच बुढा. जीप बाबुलालले देऊन टाकली. तो खोलून सामान विकणार. बुढा आता त्याचा ड्रायव्हर. पुढचं दार उघडून म्हणाला, बस. मी बसली.
मॅटाडोर चढाव एका दमात चढली. कोणी उतरलं नाही. वर बायका आरती घेऊन उभ्या. देवकाबाई म्हणाली, सांग ना व, कसं आहे जपान?
म्हटलं, चांगलं आहे. चढावच नाही तिथं.