हळदीच्या सेटमधले दोन भोंगे

डोकमर्डी, सिल्वासा
रविवार, ३० नोव्हेंबर

ती. ताईस,

विकीचा नमस्कार. मी इथे बरा आहे, तूही बरी असशील. पत्राची सुरुवात अशी असते एवढं शाळेतलं आठवतंय, पुढचं विसरलो. पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, "कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, बहिणीनं ब्लॉक केलंय. मग त्या स्वतः उठून डिंकाची बाटली घेऊन आल्या.

इकडे थंडी अजून पडलेली नाही. मसाटच्या कंपनीत काम तेच, बाटल्यांची झाकणं. खोलीत मी आणि लखन दोघंच. लखन खिचडी करतो, मी भांडी घासतो. घरमालकीण मंजुळाबाई अजून तशीच ओरडते.

आता हळदीचं. तू मांडवात होतीस, तिथलं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण खोलीत काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल.

श्रीकांतच्या हळदीत मी स्वतः येऊन वाजवायचं, हे दाजींनी मला दिवाळीतच बजावलं होतं. "धाकट्या भावाची हळद आहे, मेहुणा डीजे असून बाहेरचा आणला तर लोक काय म्हणतील?" मी रजेचा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाला, "रजा नै मळे," म्हणजे मिळणार नाही. शिफ्टमधले दोघं आधीच गावी पळाले होते. मग मी दाजींना म्हटलं, मी लॅपटॉपवर पूर्ण एक तासाचा सेट वाजवून रेकॉर्ड करून पाठवतो, तुम्ही फक्त स्पीकरला जोडा. गाण्यातून गाणं निघेल, मध्ये कुठे थांबणार नाही.

हळदीच्या आधीच्या बुधवारी सुट्टी होती. लॅपटॉप खुर्चीवर, कंट्रोलर पाटावर आणि मी खाली मांडी घालून. सॉफ्टवेअर चालू केलं, वरचं लाल बटण दाबलं आणि सुरू झालो. ताई, खरंच चांगला वाजवला मी त्या दिवशी. आपल्याकडची अहिराणी गाणी अशी एकात एक बसवली की लखन हातात पळी घेऊन नाचायला लागला.

फक्त माईकचं बटण चालू राहिलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. माईकवर कोणी बोललं की गाणं आपोआप खाली जातं, बोलणं संपलं की परत वर येतं. लग्नात "मुलाचे मामा स्टेजकडे या" असं सांगायला ती लागते. माझ्या कानात हेडफोन, त्यामुळे मला काहीच कळलं नाही. पण तासभर खोलीत जो जो बोलला, त्याच्यासाठी गाणं अदबीनं खाली गेलं.

मांडवात काय झालं ते मला तुझ्या नणंदेनं, गुड्डीनं फोनवर सांगितलं. ऐन नाचात गाणं खाली गेलं आणि मंजुळाबाईचा आवाज आला, "विकी, तुझी चड्डी माझ्या दोरीवर कोणी घातली?" गुड्डी म्हणते, लोकांना वाटलं मुद्दामच टाकलंय, शिट्ट्या पडल्या. मग कुकरच्या शिट्टीवर पोरं नाचली. मग लखन मीठ कुठेय म्हणून विचारत होता, तर मांडवातून कोणीतरी ओरडलं, "फळीवर बघ."

आणि मग माझा आवाज आला. तो तू ऐकलास.

"लखन, कोणाला सांगू नको. ताईनं गुपचूप बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. घरात कोणाला माहीत नाही. फेब्रुवारीत सहा पेपरांना आईला सहा वेळा आजारी पाडणार आहे आणि माहेरी जाते सांगून परीक्षा देणार आहे."

गुड्डी म्हणते, त्यानंतर गाणं परत वर आलं, पण एकही माणूस नाचला नाही.

भाऊबीजेला तू मला हे सांगितलंस तेव्हा ओवाळणीचं ताट अजून तुझ्या हातात होतं. "मेलास तरी बोलू नको" म्हणालीस. मी मान हलवली होती.

रात्री तुझा मेसेज आला, "तुला कापता येत नव्हतं का?" मी लिहिलं, "फ्रीचं सॉफ्टवेअर आहे ताई, त्यात कापता येत नाही. आणि मी ऐकलंच नव्हतं." त्यानंतर तू ब्लॉक केलंस.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगितलंय. दाजींना, गुड्डीला, आईला. आई तर वेगळीच चिडली आहे. तिला आता गावातली प्रत्येक बाई विचारते, "बरं नाही का तुम्हाला?"

ताई, त्या सेटमध्ये दोन ठिकाणी मोठा भोंगा वाजतो. तुझ्या लक्षात आलं असेल. हळदीच्या सेटमध्ये तसा भोंगा कोणी टाकत नाही. पहिल्या भोंग्याखाली मी लखनला सांगत होतो की आमचे दाजी नाचतात तेव्हा विहिरीचं पाणी काढल्यासारखं वाटतं. दुसऱ्याखाली तुझ्या सासूबाईंच्या डाळीबद्दल होतं, ते लिहीत नाही.

म्हणजे मी ऐकलं होतं. गुरुवारी कंपनीच्या बसमध्ये बसून पूर्ण तासभर ऐकलं. संध्याकाळी येऊन दोन जागा कापल्या, वर भोंगे टाकले. चड्डी आणि मीठ राहू दिलं, म्हटलं हसतील लोक. तिसऱ्या जागेवर आलो, तिथे बराच वेळ बसलो. लखन म्हणाला, "हे पण काढ ना." मी म्हटलं, काढतो. आणि नाही काढलं.

का नाही काढलं ते सांगतो, पण ते कारण म्हणून घेऊ नको. तुझं लग्न ठरलं तेव्हा बारावीची परीक्षा दीड महिन्यावर होती. तू तुझ्या वह्या माझ्या दप्तरात ठेवल्यास, मागची पानं कोरी आहेत म्हणून. बोलली काहीच नाहीस. मी तेव्हा आठवीत होतो, मला वाटलं तुला कंटाळा आलाय अभ्यासाचा. भाऊबीजेला कळलं की नव्हता आला. मग मला वाटलं, ही याही वेळी बोलणार नाही, हॉलतिकीट पिठाच्या डब्यात ठेवून बसेल. आपणच बोलून टाकू. आणि खरं सांगायचं तर, मांडवभर लोकांसमोर ताईसाठी मी बोललो असं होईल, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. चूक झाली असं म्हणून सुटताही येईल, हेही मी तेव्हाच ठरवलं होतं.

परवा दाजींचा फोन आला. मी उचलायच्या आधी पाणी प्यायलो. ते म्हणाले, "पेपर कुठल्या गावाला आहेत?" मी म्हटलं, मला माहीत नाही. "अमळनेर असेल तर मी गाडीवर सोडतो. पारोळा असेल तर आदल्या दिवशी जावं लागेल." मग म्हणाले, "आमची आई चार दिवस बोलत नव्हती. आज बोलली. म्हणे, विहीणबाईंना सहा वेळा आजारी पाडायला निघाली होती, मी घरात असताना मला का नाही पाडलं?"

मी हसलो. दाजीही हसले. मला वाटलं, चला, मिटलं.

मग ते म्हणाले, "विकी, तुझी ताई श्रीकांतच्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मला सांगणार होती. पाहुणे गेल्यावर, मागच्या ओट्यावर बसून. काय बोलायचं ते तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. मला दाखवलं तिनं. दीड पान आहे."

दाजी दोनदा हॅलो हॅलो म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ताई, तू बोलणार होतीस. दीड पान लिहिलं होतंस. ते तुझं बोलणं मी घेतलं आणि कुकरच्या शिट्टीनंतर वाजवलं. घरात सगळं नीट झालं म्हणून मी नीट वागलो असं होत नाही, एवढं मला कळतं. आईला आणि गुड्डीलाही खरं काय ते आज फोन करून सांगणार आहे. दाजींना सांगितलं तर विहिरीचंही सांगावं लागेल, पण सांगेन.

मला अनब्लॉक कर असं मी म्हणत नाही. पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर आलं तर वाचेन. नाही आलं तर समजेन, ताई अभ्यासाला बसली आहे.

तुझा भाऊ,
ज्यानं ते ऐकलं होतं,
विकी