नव्वद टक्के जोडलेली लाइन

रॉइटलिंगेन, २ मार्च १९९८, सोमवार
वीस तारखेला आमचे मालक हेर श्लोटरबेक यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर सहा आठवडे घरी. तिथून त्यांना ऑफिसचा स्टॉक बघायचाय. मी म्हटलं, आयएसडीएनची डिजिटल फोन लाइन आहेच, दोन दिवसांत जोडून देतो. ते म्हणाले, जमलं तर पॅकिंगमधून सुटलास, कॉम्प्युटरचं सगळं तुझ्याकडे. नाही जमलं तर स्टुटगार्टचा माणूस बोलावतो.
स्क्रूची खोकी भरायला जन्मलो नाहीये मी.
प्लॅन: आधी माझ्या घरून ट्रायल. लाइनचे दोन्ही चॅनल एकत्र, वर डेटा कॉम्प्रेशन. चौपट स्पीड.
हिशेबवाल्या फ्राऊ वुर्स्टरने विचारलं, फॅक्सपेक्षा बरं असतं का रे ते?

४ मार्च
ऑफिसात राउटर लावला. दिवसा गोदामातून टेस्ट केली, झकास. संध्याकाळी नेहमीप्रमाणे शेवटी मीच निघालो. शटर खाली, कॉफी मशीन बंद, मेन स्विच बंद. वीज काय फुकट येते?
घरी येऊन डायल केलं. पलीकडून कुणी उचलतच नाही.
कॉम्प्रेशनचा लोचा. उघड आहे.

५ मार्च
कॉम्प्रेशनची पद्धत बदलली. घरून पुन्हा तेच. फोन कंपनीच्या हेल्पलाइनला झापलं. तिथला शहाणा विचारतो, राउटर चालू आहे का? फोन आपटला. असले प्रश्न बालवाडीत विचारावेत.

९ मार्च
संध्याकाळभर दोन्ही चॅनल अडवून डायल करत होतो. हेडविग मावशीला आमचा फोन लागेना, तर ती बसने घरीच आली, कोण गेलं बघायला. आई म्हणाली, तुझ्या त्या डबड्यापायी माझी बहीण रडत आलीय, आता तूच सोड तिला घरी. सोडलं. वाटेत मावशी म्हणाली, मुलगी शोध एखादी, म्हणजे हे सुटेल.
या घरात प्रगतीला जागा नाही.

११ मार्च
वुर्स्टरच काहीतरी करते. आज पाळत ठेवली. चारला पर्स उचलून गेली. त्यानंतर मी स्वतः बघितलं, राउटरचे सगळे दिवे हिरवे. मग सगळं नीट बंद करून, कुलूप लावून घरी आलो.
डायल केलं. ठप्प.
ही बाई घरी बसून करते तरी कसं?

१३ मार्च
हेर श्लोटरबेकनी विचारलं. नव्वद टक्के झालंय म्हटलं.

१६ मार्च, संध्याकाळी
साहेब चष्मा विसरले म्हणून ऑफिसला परत गेले आणि तिथून त्यांच्या मोबाइलवरून मला फोन. मी लाइन कशी खराब आहे ते समजावतोय, तर ते म्हणाले, थांब रे फोल्कर, इथे डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही, मेन स्विच टाकतो आधी. टाकला. इकडे माझं डायलिंग चालूच होतं, थोड्या वेळात माझ्या स्क्रीनवर ऑफिस.
ते म्हणाले, आपण इकडचे श्वाबियाचे लोक चिकट, मान्य. पण स्वतःच गळा आवळून वर श्वास का घेत नाही विचारणारा तूच पहिला.
कोल्ड स्टार्टची, म्हणजे वीज तोडून पुन्हा सुरू करायची टेस्ट चालू होती, असं सांगितलं. पटलेलं दिसलं नाही.

१९ मार्च
कुणी बंद करू नये म्हणून मेन स्विचवर चिकटपट्टी. त्यांच्या घरचा कॉम्प्युटरही जोडला. लागतंय! ते म्हणाले, जरा हळू आहे, पण चालेल, हात लावू नकोस आता. मग हॉस्पिटलला गेले.
हळू? माझ्या हातचं काम आणि हळू?
घरूनच, त्याच लाइनवरून, ऑफिसच्या राउटरला कॉम्प्रेशन फुल केलं. सक्तीचं. ओके दाबलं.
लाइन कट.
आता लागत नाही. माझ्या कॉम्प्युटरमधल्या आयएसडीएन कार्डाला ती पद्धत येतच नाही म्हणे. हेर श्लोटरबेकच्या कार्डालाही. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात छापलंय, हरामखोरांनी. ऑफिसला जावं तर साहेब नाहीत म्हणून उद्यापासून चार दिवस कुलूप, आणि माझ्याकडची किल्ली त्यांनी जाताना वुर्स्टरकडे द्यायला लावली. तिला फोन करणार नाही. मेलो तरी.

२४ मार्च
केला नाही. हेर श्लोटरबेक घरी आले, त्यांचं लागेना, मग त्यांनीच तिला केला. स्टुटगार्टचा माणूस आला, कॉम्प्रेशन काढलं, कॉफी प्यायला, गेला.

३० मार्च
हेर श्लोटरबेकना पलंगावरून सगळा स्टॉक दिसतो. पॅकिंगमध्ये कुणी किती खोकी भरली, तेसुद्धा. आत्ता वुर्स्टर सांगत आली, साहेबांचा फोन होता, फोल्कर अर्ध्या तासापासून काही भरत नाहीये, लिहीत बसलाय का विचारा.
स्पीड चांगला आहे.