पाय धरायचा की बोनस द्यायचा

सोम., ८ सप्टें.
कबड्डीत बचावाला आजपासून वेगळ्या मॅडम. डिसोझा मॅडम, दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या. स्वतः कोपऱ्यात खेळलेल्या. डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. कशी झाली ते राणीनं विचारलं, तर नुसत्या हसल्या. गव्हाणे सर म्हणाले, चढाई माझ्याकडे, बचाव सगळा ह्यांच्याकडे. कधी धरायचं, कधी सोडायचं, ह्या बाहेरून सांगतील तसं.
पहिल्याच दिवशी पकड नाहीच. ओढण्यांनी हात पाठीमागं बांधले आणि स्वतः चढाईला आल्या. फक्त पायांनी सरकायचं. पोटऱ्या पेटल्या. मी तीन वर्षं डावा कोपरा, पाय दिसला की हात आपोआप जातो. दोनदा गाठ सोडवून हात पुढं गेलाच. मॅडमनी परत बांधला, आधीपेक्षा घट्ट.

मंगळ., ९ सप्टें.
आप्पांना सांगायला नको होतं. चुलते असले तरी माझ्या कबड्डीवर मालकी त्यांचीच. गोठ्यापुढच्या मातीत पकड शिकवली ती त्यांनी. हात बांधलेले ऐकून भाकरी तशीच राहिली ताटात. म्हणाले, ही कबड्डी हाय का वरातीतला नाच. आई हसून हसून पाणी प्यायला गेली.

शुक्र., १२ सप्टें.
खुणा पाठ झाल्या. मूठ म्हणजे धर. उघडा पंजा खाली म्हणजे थांब. मांडीवर थाप म्हणजे साखळी. राणी (डावं कव्हर, माझ्या शेजारची जागा) साखळीत माझा हात इतका आवळते की बांगडी घालायची सोय नाही. म्हणे बापाची मेंढरं राखताना सवय लागलीय, सुटलं की गेलं.
मॅडम स्कूटीवर येतात दौंडवरून. आज चाक पंक्चर, आम्ही सगळ्यांनी ढकलत नेली. वाटेत त्यांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. तेजू हळूच म्हणाली, मॅडम चांगल्या आहेत, फक्त कबड्डी उलटी शिकवतात.

शनि., १३ सप्टें.
मैत्रीपूर्ण सामना, शिरूरला. हरलो. आणि काय हरलो. समोरची चढाईवाली बोनस रेषेपलीकडं पाय टेकवायची, एक गुण घ्यायची आणि फिरायला आल्यासारखी परत जायची. माझ्यापासून हातभर अंतरावर पाय. मी मॅडमकडं बघायचे, पंजा खालीच. पूर्ण पहिला डाव पंजा खाली.
आप्पा मॅटच्या कडेला. "धर गं, धर की" चालूच. कानात आप्पा, डोळ्यांपुढं मॅडमचा पंजा, मध्ये मी.
दुसऱ्या डावात मॅडमनी मूठ केली तेव्हा दोन पकडी मिळाल्या, पण तोपर्यंत उशीर झालेला. परतताना जीपमध्ये सगळ्या पोरी मॅडमवर चिडलेल्या. मी पण. खोटं कशाला लिहू.

मंगळ., १६ सप्टें.
आज मॅडमना विचारलंच. बोनस फुकट का द्यायचा.
म्हणाल्या, फुकट नाही देत, उधारीवर देते. पहिल्या डावात तिला गोड लागू दे. आधी नुसता अंगठा टेकवते, मग निम्मा पाय, मग आख्खं पाऊल आत. दुसऱ्या डावात ती डोळे मिटून येते, तेव्हा घ्यायचं. "तुझा हात फास्ट आहे सोनाली. म्हणून तर तुला थांबवते. हळू हाताच्या पोरीला काय थांबवायचं?"
पटलं की नुसतं कौतुक केलं म्हणून बरं वाटलं, कळेना.
घरी आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, आन् पयल्या डावातच आठ-धा गुणांनी मागं पडला तर दुसऱ्या डावात उधारी वसूल करायला कोण शिल्लक ऱ्हातंय. हेही पटलं. माझं अवघड आहे.

शनि., २० सप्टें.
जिल्हा स्पर्धेची गटफेरी सुरू. दौंडला. पहिला सामना जिंकलो आणि अगदी मॅडम म्हणाल्या तसंच. पहिल्या डावात बोनस वाटले, दुसऱ्यात तीच पोरगी सरळ माझ्या कोपऱ्यात पाय टाकून उभी. मूठ. घोटा माझ्या हातात, राणी वरून आलीच. असं तीनदा.
आप्पांना विचारलं, आता? म्हणाले, ती पोरगीच येडी हुती.

गुरु., २५ सप्टें.
सेमी. समोर वरवंडच्या मुली. सगळ्या ओळखीच्या, दरवर्षीची खुन्नस आणि दरवर्षी नंतर एकत्र वडापाव.
शेवटी आम्ही एकानं पुढं. दोनच चढाया बाकी, आधी त्यांची, मग आमची. आम्ही सातही जणी मॅटवर, म्हणजे तिला बोनस उघडा. मॅडमचा पंजा खाली. अर्थ सरळ होता: घेऊ दे एक गुण, बरोबरी होऊ दे, शेवटची चढाई आपली आहे.
मला सगळं कळलं होतं. पंजा नीट दिसला होता. पण तिचा पाय रेषेवर आला, आणि…
धरला. राणी म्हणते मी आधी ओरडले आणि मग धरला. मला आठवत नाही. ती मध्यरेषेकडं ओढत होती, माझी हनुवटी मॅटवर घासली. सुटली नाही. आमची शेवटची चढाई नुसती वेळ काढून आली.
जिंकलो. फायनल. आप्पा मॅटवर आले, पंचांनी बाहेर काढलं, परत आले. वरवंडच्या पोरींनी मलाच वडापाव दिला.
मॅडम आल्या, हनुवटीला औषध लावलं. 

शुक्र., २६ सप्टें.
उद्याच्या फायनलला पहिल्या डावात मी बाहेर. डाव्या कोपऱ्यात तेजू.
मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, आवाज न चढवता. "पकड एक नंबर होती. निर्णय चुकीचा होता. सुटली असती तर तिच्यासोबत तीन गुण गेले असते आणि आपण घरी असतो." मी म्हटलं, पण सुटली नाही ना. म्हणाल्या, "त्याला खेळणं नाही म्हणत."
पोरी चिडल्या. तेजूच रडायला लागली, म्हणे मला नाही खेळायचं हिच्या जागेवर. तिला मीच गप्प केलं. गव्हाणे सरांकडं गेले, तर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, बचाव त्यांच्याकडं दिलाय तर दिलाय.
घरी आप्पांनी उद्या येणार नाही म्हणून जाहीर केलं. जिंकून दिलेल्या पोरीला भायेर बशिवत्यात, तिथं माझं काय काम हाय. आईचा नवरात्राचा उपास, ती साबुदाणा परतता परतता म्हणाली, तुमचं काम तसंही नव्हतंच तिथं, भावजी.

शनि., २७ सप्टें.
आप्पा आले. आमच्याआधी. सगळ्यात लांबच्या खुर्चीवर, तोंड दुसरीकडं.
फायनल बारामतीशी. पहिला डाव मी मॅडमच्या शेजारी बाकावर. तीन वर्षांत पहिल्यांदा बाहेरून बघितलं. कोपऱ्यातून फक्त पाय दिसतो. बाहेरून सगळी पोरगी दिसते. पाय पुढं टाकते तेव्हा वजन मागंच असतं तिचं, म्हणजे धरला तरी ओढून नेणार. कधी कधीच वजन पुढं येतं. मॅडम हळू आवाजात बोलत होत्या, मला की स्वतःला कोण जाणे: आत्ता नको, आत्ता नको, बघ, हां, आत्ता. तेजूला पंजा, पंजा, मूठ. तेजूनं दोन पकडी केल्या. मी उभी राहून ओरडले, आणि मग लक्षात आलं की माझ्या जागेवर खेळणारीसाठी ओरडतेय.
मी मॅडमना म्हटलं, ही चढाईवाली खरंच आत येणार असली की तिचा डावा खांदा आधी खाली पडतो. मॅडमनी पुढच्या दोन चढाया बघितल्या. म्हणाल्या, हे मला नव्हतं दिसलं.
दुसऱ्या डावात मी आत. मागं होतो, वर आलो. खांदा पडला की मूठ येत होती, मूठ आली की घोटा. आयुष्यात एवढी मजा आली नव्हती कधी.
आणि शेवट बघा. परत तेच. आम्ही एकानं पुढं, त्यांची एक चढाई, मग आमची एक, आम्ही सातही जणी आत. पंजा खाली.
मी थांबले.
तिनं बोनस घेतला. बरोबरी. आमची शेवटची चढाई राणीची. राणीला बोनस मिळेना, घाई झाली, दोघींनी मिळून धरली. एका गुणानं हरलो.
राणी माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग स्वतःच म्हणाली, माझ्या बापाच्या मेंढरागत धरली की गं मला. मग दोघी हसत बसलो मॅटवर. गटातले दोन्ही फायनलवाले जिल्ह्याच्या पुढच्या फेरीत जातात, त्यामुळं संपलेलं नाही.

रवि., २८ सप्टें.
ऐकलं नाही तेव्हा जिंकलो, ऐकलं तेव्हा हरलो. सकाळपासून ग्रुपवर हेच. तेजू मॅडमच्या बाजूनं, राणी विरुद्ध. गावात दुधाच्या डेअरीवर मला न विचारता दोन पार्ट्या पडल्यात. डेअरीवरच्या तात्यांना बोनस म्हणजे दिवाळीचा एवढंच माहीत, तेही बोलतात.
आप्पा मात्र दूध घालून सरळ घरी.

गुरु., २ ऑक्टो. दसरा
आप्पांनी मॅडमना जेवायला बोलावलं. स्वतः फोन करून. आम्हाला कुणाला पत्ता नाही, स्कूटी दारात आली तेव्हा कळलं. आईनं पुरणपोळीचं पीठ वाढवलं.
आप्पांनी आपट्याची पानं दिली, मॅडमनीही दिली. आता भांडण होणार म्हणून मी भिंतीला टेकून बसलेली. आप्पांनी ताटातली सात भजी मांडली. एक डावा कोपरा, एक राणी, असं. समोर हिरवी मिरची, ती बारामतीची चढाईवाली.
आणि म्हणाले, "मॅडम, तुमी बरोबर हुता. राणी येक पाऊल मागं हुती. सोनीनं धरली आसती तर तिघी गेल्या आसत्या."
मी ताठच बसले.
मॅडमनी एक भजं हातात घेतलं, परत ठेवलं. म्हणाल्या, "नाही आप्पा. मी रोज तेच बघतेय डोळ्यांसमोर. खांदा पडला होता. सोनालीनंच मला सांगितलं होतं, तरी मी पंजा दाखवला. मूठ करायला पाहिजे होती."
आप्पा म्हणे, न्हाई न्हाई, थांबायचंच हुतं. मॅडम म्हणतात धरायचं होतं. वीस दिवस उलट बाजूंनी भांडलेली माणसं, जागा बदलून परत भांडायला लागली. पुरणपोळी गार. शेवटी आईनं बारामतीची चढाईवाली उचलून खाल्ली, तेव्हा सामना थांबला.
जाताना मॅडम मला म्हणाल्या, पुढच्या फेरीत मी खूण करणार नाही. डावा कोपरा तुझा, हाकही तुझी. सहा जणी तुझं ऐकतील. म्हटलं, आणि चुकलं तर? म्हणाल्या, "तर चुकलं. मी बाहेर बसूनच चुकतेय की."
रात्री आनंद झाला. हे लिहीपर्यंत भीतीही वाटायला लागली.

रवि., ५ ऑक्टो.
सराव. मॅडम स्वतः चढाईला, परत परत. तोच शेवटचा बोनस. एकदा "धर" म्हणाले, मॅडम अलगद निसटल्या. एकदा "थांब" म्हणाले, बोनस घेऊन हसत गेल्या. एकदा आवाजच फुटला नाही आणि सहाही जणी माझ्याकडं बघत उभ्या. सगळ्या हसल्या, मी पण. मग एक जमली. मग परत नाही.
मॅडम मुद्दाम खांदा पडू देत नाहीत, त्यांना माहीत झालंय ना मी काय बघते.
पुढच्या फेरीचा सामना गुरुवारी. संध्याकाळी गोठ्यात आप्पा धार काढत होते. शेजारी बसले. सारखं ओरडणारा माणूस, म्हटलं आता सांगा, तुम्ही माझ्या जागी असता तर?
बादली भरेपर्यंत धार काढली. मग म्हणाले, "मी आसतो तर धरली आसती. आन् बहुतेक हारलो आसतो. पर म्या कवा कुणाला थांबलेलं बघितलंच न्हवतं गं. तू बघितलंयस, आन् सोता थांबलीस बी."
एवढंच. बादली माझ्या हातात दिली.