धोतऱ्याची विडी

१२ जून १९५८, शिरूर
पोचलो एकदाच्या! नगरहून येताना एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण मरियम खिडकीत बसून गात होती. सहा वर्षांची माझी लेक. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. शाळेत नोकरी, दोन खोल्या, मागे घोडनदी. आणखी काय हवं? संध्याकाळच्या प्रार्थनेत मी "माझ्या मरियमला सांभाळ" म्हटलं की ती ठणठणीत आमेन म्हणते. शेजारच्या लालबी भिंतीपलीकडून हसल्या.

२० जून
दम्यानं पुन्हा गळा धरला. डॉक्टरांच्या कडू औषधाला गुण कसला तो नाही. लालबींनी धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायला लावली. मास्तरीणबाई आणि विडी! पण छाती अशी मोकळी झाली की रडूच आलं. लालबी म्हणाल्या, जपून वढा बाई, नसलेली मान्सं दिसत्यात. दिसली तर ओ द्यायची न्हाई. मी हसले.

३ जुलै
वर्गात पाढा मध्येच विसरले. औषध घेतलं की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घेतलं. डॉक्टर भडकले. त्यांच्या औषधातली बेलाडोना धोतऱ्याच्याच जातीची म्हणे. दोन्ही मिळून मेंदूवर चढतात, लक्ष ठरत नाही, आठवण टिकत नाही. विडी आजपासून बंद म्हणजे बंद.

९ जुलै
हातात पेटती विडी. कुणी पेटवली? वरचं वाचलं, अक्षर माझंच, लिहिल्याचं आठवत नाही. विडी टाकली तर श्वास कोंडतो, ओढली तर— देवा, मला फार भीती वाटते. प्रार्थनेत लेकीचं नाव जिभेवर येईना. तिनंच सांगितलं. आमेन मात्र म्हणाली नाही.

१४ जुलै
लालबी दौंडला लेकीकडे गेल्यात. कोपऱ्यात माझे वडील, आप्पा बसलेले. आप्पा तर कधीच वारले. ओ दिली नाही. गेले.

जुलै—
दुपार. विडी आहे, काडेपेटी नाही. मघाशी कुणाला तरी आणायला पाठवलं. कुणाला?

दवंडी झाली. पिसाळलेलं कुत्रं शिरलंय, पोरंबाळं आत घ्या. मला कुठली पोरंबाळं. कडी लावली.

दार वाजतंय. कडीच्या बरंच खाली. आई म्हणतंय—

ओ द्यायची न्हाई.

किंचाळतंय. नाही दिली.

गप्प झालं. गेलं वाटतं.

भूक लागली. ताटं वाढलेलीच आहेत. दोन. दुसरं कुणा—